चार्ल्स डार्विन यांचा पाळीव प्राण्यांचा संग्रह

इंग्लंडमधील निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी १८५५ पासून पाळीव कबुतरे, कोंबड्या, बदके, ससे इत्यादी प्राण्यांची कातडी व सांगाडे जमवून केलेला हा संग्रह होय. त्यातील अनेक नमुने डार्विन यांनी स्वतः प्रवास करून नव्हे, तर निरनिराळ्या देशांतील अधिकारी व अभ्यासकांशी पत्रव्यवहार करून मिळवले. भारतातून नमुने पाठविणाऱ्यांत वॉल्टर एलियट हे प्रमुख होते. एलियट यांच्या प्राणिशास्त्रीय अभ्यासाचा आरंभ धारवाड व आसपासच्या प्रदेशात, म्हणजे तत्कालीन ‘दक्षिण मराठा देशात’ झाला होता.

पार्श्वभूमी

कबुतरांच्या पाळीव जाती एकमेकींपासून इतक्या भिन्न दिसतात की प्रत्येक जातीचा रानटी पूर्वज वेगळा असावा, असे अनेक कबूतरपाळ मानत. हे मत खरे ठरले असते तर माणसाच्या निवडीमुळे एकाच प्रजातीत मोठे बदल घडतात हा डार्विन यांच्या युक्तिवादाचा पायाच ढासळला असता. म्हणून त्यांनी आपल्या डाउन या गावच्या घरी कबुतरे पाळली आणि लंडनच्या कबूतरपाळांच्या मंडळांत प्रवेश मिळवला. परंतु इंग्लंडमधील जाती पुरेशा नव्हत्या. कबूतरपालनाची परंपरा पूर्वेकडे फार जुनी होती. अकबराच्या दरबारातील कबुतरांची नोंद ‘ऐन-इ-अकबरी’त आढळते. डिसेंबर १८५५ मध्ये डार्विन यांनी हव्या असलेल्या कातड्यांविषयी एक टिपण तयार केले. दुर्गम प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली जात दिसायला सामान्य असली तरी ती हवी, असे त्यात म्हटले होते. एरवी संग्राहक दुर्मिळ रानटी पक्ष्यांच्या मागे असत. गावातली कोंबडी कोणी मागत नसे.

वॉल्टर एलियट

एलियट (१८०३–१८८७) १८२० च्या सुमारास मद्रासच्या मुलकी सेवेत आले. १८२४ च्या कित्तूरच्या उठावात त्यांचे वरिष्ठ थॅकरे मारले गेले व एलियट काही काळ कैदेत होते. धारवाडच्या वास्तव्यात केलेल्या निरीक्षणांवरून त्यांनी दक्षिण मराठा देशातील सस्तन प्राण्यांची सूची १८३९ मध्ये मद्रासच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. सप्टेंबर १८५५ मध्ये ग्लासगो येथील ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात त्यांची डार्विन यांच्याशी भेट झाली आणि जानेवारी १८५६ मध्ये डार्विन यांनी त्यांना पत्र लिहून कबुतरांची व कोंबड्यांची कातडी मागितली.

एलियट यांनी मद्रासहून पाठविलेल्या नमुन्यांत लोटण कबुतरे होती. मराठीतील ‘लोटांगण’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूवरून हे नाव पडले. हे कबूतर हलकेच हलवून जमिनीवर ठेवले की कोलांट्या घेत सुटते व उचलून तोंडावर फुंकर घातल्याशिवाय थांबत नाही. ही सवय आनुवंशिक असून तिचे वर्णन १६०० पूर्वीचे आहे, याकडे डार्विन यांनी लक्ष वेधले. अठराव्या शतकातील सय्यद मुहम्मद मुसवी यांच्या फारसी कबूतरग्रंथाचे भाषांतरही एलियट यांनीच पुरविले. ते नसते तर भारतीय जातींच्या प्राचीनतेविषयी डार्विन यांच्याकडे लेखी पुरावा फारच थोडा राहिला असता.

इतर पत्रव्यवहार

कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे एडवर्ड ब्लिथ यांनी दीर्घ पत्रांतून माहिती दिली. इराणमधील ब्रिटिश वकील चार्ल्स मरे यांनी तेथील कबुतरे पाठविली. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८५६ मध्ये लोंबोक बेटावरून डार्विन यांच्यासाठी एक पाळीव बदक पाठविले.

निष्कर्ष

सर्व पाळीव कबुतरे पारव्यापासून (कोलंबा लिव्हिया) उत्पन्न झाली, असे डार्विन यांनी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये (१८५९) मांडले. मुंबईच्या छज्जांवर बसणारा तो हाच. अनेक पूर्वज मानायचे तर निदान सात-आठ रानटी प्रजाती मानाव्या लागतात आणि त्या कोठेही आढळत नाहीत, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. भिन्न जातींच्या संकरातून पंखांवर दोन काळे पट्टे असलेली निळसर पिल्ले पुन्हा उपजतात, हा दुसरा. भारतीय पारव्याची कंबर पांढरी नसून निळसर असते. त्यावरून स्ट्रिकलंड यांनी त्याला वेगळी प्रजाती मानले होते. डार्विन यांनी तो केवळ भौगोलिक भेद ठरविला. या ग्रंथात एलियट व मरे यांचे आभार नावाने मानलेले आहेत. सविस्तर पुरावा १८६८ मध्ये पाळीव प्राणी व वनस्पतींवरील द्विखंडी ग्रंथात आला. त्याआधी, १८६७ मध्ये, कबुतरांचा संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला दिला.

पुढील संशोधन

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने कबुतरांविषयीचे मत बरोबर ठरविले. कोंबड्यांबाबत मात्र तसे झाले नाही. ब्लिथ यांच्याप्रमाणेच डार्विन यांनीही लाल रानकोंबडा हाच एकमेव पूर्वज मानला व सह्याद्रीत आढळणारा राखी रानकोंबडा वगळला, कारण त्याचे पाळीव कोंबडीशी झालेले संकर बहुतांशी वांझ निघत. २००८ मध्ये असे दिसून आले की पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचे जनुक बहुधा या राखी रानकोंबड्याकडूनच आलेले आहे.