बावट्याच्या बुरुजापासून हिंदुरावांच्या कोठीपर्यंत

टेकडीच्या माथ्यावर एकटाच उभा असलेला गोल बुरूज दिसला, की युरोपातील प्रवाशाला प्रथम पवनचक्कीची आठवण होते. दिल्ली विद्यापीठामागच्या टेकडीवर असाच एक बुटका, गोल, कंगोरेदार बुरूज आहे. त्याचेही नाते वाऱ्याशीच होते. परंतु तेथे कधी दळण दळले गेले नाही. इंग्रज छावणीचे निशाण फडकविण्यासाठी १८२८ साली तो बांधण्यात आला. ‘फ्लॅगस्टाफ टॉवर’ असे त्याचे इंग्रजी नाव आहे. मराठीत त्याला सरळ ‘बावट्याचा बुरूज’ म्हणावे.

ही टेकडी म्हणजे अरवली पर्वताचे उत्तरेकडील शेवटचे टोक होय. शहराच्या पातळीहून ती जेमतेम साठेक फूट उंच आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला तिला डोंगर म्हणताना संकोच वाटेल. परंतु दिल्लीच्या सपाट मैदानात साठ फूट पुष्कळ झाले. आज विलायती किकराच्या गर्द झाडीतून येथे पायवाटा काढलेल्या आहेत. पहाटे फिरावयास येणारी मंडळी आणि वानरांच्या टोळ्या यांची तेथे वर्दळ असते. ही झाडी मात्र जुनी नव्हे. १८५८ साली फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने टिपलेली चित्रे पाहिली, तर त्या वेळी येथे उघडेबोडके खडक होते हे ध्यानात येते. आडोसा नसलेल्या त्या माथ्यावरून सारे शहर तळहातावर असल्यासारखे दिसे, आणि पुढे जे घडले ते याच कारणाने.

११ मे १८५७ रोजी मीरतेहून शिपाई दिल्लीत शिरले. त्या दिवशी छावणीतील इंग्रज स्त्रियामुले या बुरुजात एकवटली. आत जागा ती किती! एक लहानशी गोल खोली, मे महिन्याचे ऊन, आणि मीरतेहून मदत येईल ही आशा. मदत आली नाही. आली ती काश्मिरी दरवाज्यापाशी मारल्या गेलेल्या अधिकाऱ्यांची प्रेते वाहून आणणारी बैलगाडी. संध्याकाळी ही मंडळी कर्नालच्या वाटेने पांगली. महिना उलटण्याच्या आत, ८ जूनला, इंग्रजी फौजेने टेकडी परत घेतली आणि सप्टेंबरपर्यंत तेथूनच दिल्लीला वेढा दिला.

बुरुजापासून दक्षिणेस जाणारी वाट दीड-दोन किलोमीटरांची असेल. तिच्यावर प्रथम चौबुर्जी ही तुघलक काळातील मशीद लागते. त्यानंतर पीर गायब. चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने या टेकडीवर शिकारीसाठी महाल बांधला होता. त्याचा हा उरलेला भाग. त्याच्या छतात एक गोल भोक असून ते खालच्या मजल्यापर्यंत आरपार गेले आहे. त्यावरून ही वेधशाळा असावी असा काही जाणकारांचा तर्क आहे. लोकांनी मात्र वेधशाळेपेक्षा एकाएकी अदृश्य झालेला पीर पसंत केला.

आणि मग येते हिंदुरावांची कोठी.

मुळात ही कोठी विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची. २२ मार्च १८३५ रोजी त्याचा गोळी घालून खून झाला. त्या प्रकरणी फिरोजपूर झिरक्याचा नवाब शमसुद्दीन यास त्याच वर्षी फाशी देण्यात आले. कोठी विकावयास निघाली व ती घेतली एका मराठा सरदाराने. हे हिंदुराव घाटगे, कोल्हापूरजवळच्या कागलचे. १७९८ साली पुण्याच्या सावकारांना लुबाडून ज्याने आपल्या नावाची दहशत बसविली, तो सर्जेराव घाटगे यांचा पिता. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई या त्यांच्या भगिनी. पुढे राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म झाला तोही याच कागलकर घाटगे घराण्यात.

दौलतराव १८२७ साली निवर्तले. त्यांच्यामागे बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार चालविला. दत्तकपुत्र जनकोजीराव यांच्याशी त्यांचे वितुष्ट आले आणि १८३३ साली त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. इंग्रजांनी त्यांची बाजू घेतली नाही. भगिनीच्या सत्तेबरोबर बंधूंचेही ग्वाल्हेरातील स्थान गेले, आणि ते दिल्लीस येऊन राहिले.

या घटनेतील विपर्यास ध्यानात घ्यावयास हवा. महादजी शिंद्यांनी शाह आलम बादशहाला दिल्लीच्या तख्तावर बसविले ते १७७२ च्या आरंभी. ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि मराठ्यांचा दिल्लीवरील अंमल संपला. त्या लढाईचा स्मारकस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात उभा आहे. जेथे शिंद्यांचा शब्द चालत होता, त्याच दिल्लीत शिंद्यांचा मेहुणा तीस-बत्तीस वर्षांनी आला तो केवळ एका घराचा खरेदीदार म्हणून. खाली लाल किल्ल्यात पेन्शनर बादशहा आणि वर टेकडीवर राज्य गमावलेल्या दरबारातील हा सरदार! दोघेही इंग्रजांच्या मर्जीने राहणारे.

हिंदुरावांनी लढाई जिंकली नाही, देऊळही बांधले नाही. बायजाबाईंनी काशीस ज्ञानवापीवर मंडप उभारला. बंधूंच्या नावावर असे काही दिसत नाही. एक गोष्ट मात्र त्यांच्या हातून घडली. फिरोजशाहाने मीरतेहून आणवून या टेकडीवर उभा केलेला अशोकाचा स्तंभ फर्रुखसियरच्या काळात दारूच्या स्फोटाने पडून त्याचे पाच तुकडे झाले होते. ते कोठीच्या आवारातच पडलेले होते. हिंदुरावांनी ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीस देऊन टाकले. एवढे अवजड दगड कलकत्त्यास न्यावयाचे कसे? अखेर लेख कोरलेला भाग करवतीने कापून तेवढाच तिकडे नेण्यात आला. पुढे तोही परत आला आणि १८६७ साली स्तंभ जोडून जवळच उभा केला गेला. त्याच्या पायथ्याच्या पाटीवर अशोक आहे, फिरोजशाह आहे, ब्रिटिश सरकारही आहे. हिंदुराव नाहीत.

तरीही त्यांचे नाव टिकले, आणि तेही त्यांच्या पश्चात. वेढ्याच्या आधीच ते वारले होते व कोठी रिकामी होती. १८५७ च्या उन्हाळ्यात टेकडीचे हेच टोक शहराला सर्वांत जवळ असल्याने बंडवाल्यांचा सारा मारा येथे होई. मेजर रीडच्या हाताखालील सिरमूर पलटणीच्या गुरख्यांनी ते राखले. या पलटणीच्या ४९० माणसांपैकी ३२७ जण मेले किंवा जखमी झाले. वेढ्याच्या प्रत्येक इंग्रजी इतिहासात ‘हिंदुरावाचे घर’ हे शब्द पानोपानी येतात. घाटगे कोण होते, याची चौकशी करण्याचे मात्र क्वचितच कोणाला सुचले.

थोड्याच अंतरावर, १८६३ साली, इंग्रजांनी लाल दगडाचे विजयस्मारक उभारले. त्यावर ‘शत्रू’ असा उल्लेख आहे तो हिंदी शिपायांचा. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, १९७२ साली, ते लेख खोडले गेले नाहीत. हे शत्रू म्हणजे स्वातंत्र्यासाठी प्राण वेचणारे वीर होत, असा खुलासा करणारी पाटी तेवढी शेजारी लावण्यात आली आणि स्मारकाला ‘अजितगढ’ हे नाव देण्यात आले. जुना दगड तसाच ठेवून त्याला उत्तर देण्याची ही रीत शहाणपणाची होती.

कोठीला कोणी नवे नाव दिले नाही. दुरुस्त होऊन तिचे पुढे रुग्णालय झाले. आज ते महानगरपालिकेचे मोठे रुग्णालय असून पीर गायबही त्याच्याच आवारात आहे. सकाळी तेथे चिठ्ठ्यांसाठी लांब रांगा लागतात. फाटकावरच्या पाटीवर नावाची दोन शकले झाली आहेत, ‘हिन्दू’ आणि ‘राव’, आणि रांगेतील माणसे ती तशीच वाचतात.