सांधा कुणाच्या हाती? इअरफोनची दुरुस्ती की नवी खरेदी, या प्रश्नाचा इतिहास

१/
हजारो रुपयांचा इअरफोन दोन-तीन वर्षांत एका बाजूने मुका होतो. दुरुस्त करावा की नवा घ्यावा? वरकरणी हा प्रश्न खर्चाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर बहुतेक वेळा इअरफोन विकला जाण्यापूर्वीच, आरेखनाच्या टेबलावर ठरलेले असते. ते कसे ठरत गेले, याचा हा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास. #थ्रेड #इतिहास

२/
आधी एक मूलभूत गोष्ट. इअरफोनच्या सर्व भागांचे आयुष्य सारखे नसते. ध्वनी निर्माण करणारा ड्रायव्हर आणि त्याचे कवच दीर्घायुषी असतात. केबल, कानातल्या मळाने बुजणारी जाळी आणि आजच्या काळात बॅटरी, हे भाग अल्पायुषी. या दोन गटांना जोडणारा सांधा उघडता येतो की नाही, यावर संपूर्ण वस्तूचे आयुष्य अवलंबून असते.

३/
१९१० साली अमेरिकेच्या युटा राज्यात नॅथॅनियल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि ते अमेरिकी नौदलाकडे पाठवले. बिनतारी संदेश ऐकण्यासाठी ते इतके सरस ठरले की नौदलाने पुढे मागणी नोंदवली. कानावर बसवून ऐकण्याचे हे साधन मनोरंजनाच्या आधी कामाचे हत्यार होते, हे येथे ध्यानात ठेवायला हवे.

४/
हत्यार म्हटले की त्याची देखभाल ओघाने आलीच. १९२०च्या दशकातील हेडफोनचे झाकण फिरवून काढता येई. आत धातूची पातळ चकती, तिच्याखाली चुंबक व तारेची वेटोळी असत. सुती वेष्टनाची दोरी स्क्रूने जोडलेली असे. दोरी झिजली की स्क्रू सैल करायचा, नवी दोरी बसवायची. त्यासाठी कारागीरही लागत नसे.

५/
१९३७ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने ‘डीटी ४८’ हा डायनॅमिक पद्धतीचा हेडफोन आणला. ध्वनिमुद्रण आणि श्रवणतपासणी यांसारख्या व्यावसायिक कामांत तो स्थिरावला आणि कालानुरूप बदलांसह सत्तर वर्षांहून अधिक काळ उत्पादनात राहिला. एकच रचना इतकी वर्षे टिकली की तिचे सुटे भागही मिळत राहतात. दुरुस्तीसाठी कौशल्याइतकेच हे सातत्यही लागते.

६/
१९६८ साली सेनहायझरचा ‘एचडी ४१४’ आला. पिवळ्या स्पंजच्या गाद्या ही त्याची ओळख. हा उघड्या रचनेचा हलका हेडफोन घराघरांत पोहोचला. कंपनीच्या सांगण्यानुसार त्याचे एक कोटीहून अधिक नग विकले गेले. त्याच्या गाद्या बदलता येत आणि केबल उपसून नवी लावता येई. म्हणजे लोकप्रियता आणि दुरुस्तीयोग्यता यांत मुळात वैर नव्हते.

७/
वळण आले १ जुलै १९७९ रोजी. त्या दिवशी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीस आला आणि संगीत रस्त्यावर चालू लागले. आता हेडफोन हलका, छोटा आणि स्वस्त हवा होता. पुढे कानात बसणाऱ्या स्वस्त इअरफोनमध्ये केबल कायमची जोडलेली आणि कवच चिकटवून बंद केलेले, हीच सर्वसाधारण रीत झाली. कनेक्टर काढून टाकला की जागा वाचते, खर्चही वाचतो.

८/
ही केबल नेमकी कुठे तुटते? बहुधा दोन ठिकाणी: जॅकच्या मानेशी आणि कवचात शिरते तेथे. जॅकपाशी तुटली तर उपाय सोपा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची बुधवार पेठ, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात ३.५ मिमीचा नवा जॅक मिळतो. मात्र आतील तारा केसासारख्या बारीक आणि विद्युतरोधक लेप दिलेल्या असतात. तो लेप जाळल्या वा खरवडल्याखेरीज सोल्डर धरत नाही. घाईघाईने केलेली दुरुस्ती टिकत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच. कवचापाशी तुटली, तर सीलबंद कवचच उघडावे लागते.

९/
महागड्या इअरफोनची परंपरा मात्र वेगळ्या घराण्यातून आली. ते घराणे म्हणजे श्रवणयंत्रांचे. श्रवणयंत्रांसाठी विकसित झालेले अतिसूक्ष्म ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ ड्रायव्हर वापरून मीड किलियन यांच्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये ‘ईआर ४’ आणला. श्रवणयंत्र रोज कानात जाते, मळाने बुजते, म्हणून त्याची जाळी बदलणे ही नित्याची बाब असते. ‘ईआर ४’ने ती सवय संगीतात आणली. त्याचे फिल्टर बदलता येत आणि केबलही सुटी होई.

१०/
१९९५ मध्ये जेरी हार्वी यांनी ‘अल्टिमेट इअर्स’ सुरू केली. व्हॅन हेलन या रॉक बँडचे ध्वनितंत्रज्ञ असताना त्यांनी ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी मंचावर वापरायचे इअरफोन बनवले होते. असे इअरफोन कानाचा साचा घेऊन एकाच व्यक्तीसाठी घडवले जातात. रंगमंचावर घाम, ओढाताण, धावपळ, केबल तुटणारच. मापाने घडवलेली वस्तू एका तारेपायी टाकून देणे परवडणारे नव्हते, म्हणून येथेही केबल सुटी करण्याची पद्धत रूढ झाली.

११/
मंचावरचा हा धडा दुकानातील ग्राहकापर्यंत पोहोचायला वेळ लागला. शुअरच्या ‘एसई ५३०’ची केबल कवचाला कायमची जोडलेली होती. २०१० मध्ये आलेल्या ‘एसई ५३५’मध्ये ती सुटी झाली. पुढील दशकात ‘एमएमसीएक्स’ आणि दोन पिनांचे ०.७८ मिमी हे सांधे जगभरच्या उत्पादकांनी स्वीकारले. सांधा सामायिक झाल्यामुळे एका कंपनीच्या इअरफोनला दुसऱ्या कंपनीची केबल लागू लागली. दुरुस्ती मूळ उत्पादकाच्या मर्जीतून काही अंशी मुक्त झाली.

१२/
त्यानंतर केबलच गेली. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलने एअरपॉड जाहीर केले. एकेक इअरबड अवघ्या ४ ग्रॅमचा. तुटणारी तार नाहीशी झाली, पण तिच्या जागी बॅटरी आली आणि ती गोंदाने बंद केलेल्या कवचात गेली. वस्तू उघडून दुरुस्तीयोग्यता तपासणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने एअरपॉडला दहापैकी शून्य गुण दिले.

१३/
येथे झीज होण्याची रीतच बदलते. तार अपघाताने किंवा वापराने तुटते. जपून वापरल्यास ती वर्षानुवर्षे टिकू शकते. लिथियम-आयन बॅटरी मात्र प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी क्षीण होते आणि नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. काही शे चार्जिंगनंतर फरक जाणवू लागतो. ड्रायव्हर ठणठणीत असतो, पण बॅटरी त्याला आपल्याबरोबर कचऱ्यात घेऊन जाते. जपणाऱ्याच्या हाती मग फारसे काही उरत नाही.

१४/
म्हणूनच हा प्रश्न कारागिराच्या टेबलावरून कायद्याच्या टेबलावर गेला. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार, काही अपवाद वगळता, उपकरणांतील छोट्या बॅटऱ्या वापरकर्त्याला स्वतः काढता व बदलता याव्यात, अशी तरतूद आहे. तिच्यासाठी १८ फेब्रुवारी २०२७ ही तारीख ठरवण्यात आली. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, याचा पुरावा नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये बॅटरी बदलता येणारे ‘फेअरबड्स’ आणून दिला. भारतातही ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्यासाठीचे पोर्टल सुरू झाले.

१५/
या इतिहासातून निर्णयाचा एक क्रम हाती लागतो. आवाज क्षीण झाला असेल तर प्रथम जाळी पाहावी; मेलेला वाटणारा इअरफोन अनेकदा केवळ बुजलेला असतो. केबल सुटी असेल तर तिच्या डाव्या-उजव्या बाजूंची अदलाबदल करावी. दोष केबलबरोबर दुसऱ्या बाजूला सरकला, तर केबल बदलली की काम झाले. दोष त्याच कवचात राहिला, तर कनेक्टरचा खाचा किंवा ड्रायव्हर संशयित ठरतो आणि तेव्हाच उत्पादकाच्या सेवाकेंद्राचा खर्च विचारावा. हमीची मुदत शिल्लक असेल तर त्यापूर्वी कवच उघडू नये.

१६/
नवा घेणे नेहमीच उधळपट्टी असते असेही नाही. चिकटवलेल्या कवचातील ड्रायव्हर गेला असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तर दुरुस्ती म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. एक इअरबड संपला आणि तेवढाच बदलून घेतला, तर दुसऱ्याची बॅटरी तितकीच जुनी असते, हेही विसरू नये. वायरलेस जोडी वयाने एकत्रच थकते.

१७/
मात्र नवा घेताना किमतीआधी तीन गोष्टी पाहाव्यात: केबल सुटते का, जाळी बदलता येते का, बॅटरी कोण बदलून देतो आणि केवढ्याला. किंमत आवाजाचा दर्जा सांगू शकते, आयुष्य सांगत नाही. १९२०च्या दशकातील साध्या हेडफोनला एक स्क्रू होता, आणि आजच्या कितीतरी महागड्या इअरबडला तोही नाही.

(समाप्त)