बंदूक, गळ आणि साइक्सची वही

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर दिसणाऱ्या इंद्रवज्राची हकिकत आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ढगावर पडलेली स्वतःची सावली व तिच्याभोवतीचे रंगीत वर्तुळ यांचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३५ साली प्रसिद्ध केले. पण हेच साइक्स शिकारीच्या निमित्ताने आपल्या प्राणिशास्त्रात किती भर घालून गेले, हे सहसा सांगितले जात नाही.

१८२४ साली मुंबई सरकारने त्यांच्याकडे दख्खनच्या पाहणीचे काम सोपवले. पिके, लोकसंख्या, हवामान यांची मोजदाद करीत फिरायचे. बरोबर बंदूक असायचीच. त्या काळी पक्षी किंवा जनावर मारून त्याचे कातडे जपल्याशिवाय नव्या जातीचा दावा कोणी मानत नसे. आज हे क्रूर वाटते, आणि ते होतेही. पण कोळसुंद्याचे, म्हणजे रानकुत्र्याचे, १८३१ मधले त्यांचे वर्णन याच पद्धतीतून आले. त्याच्या उपजातीच्या नावात 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा, हा शब्द अजून आहे. पुढे इंग्रजी अमलात याच जनावराला मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळू लागले!

माशांची गोष्ट याहून रंजक आहे. १८३९ साली साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णने छापली. त्यांतल्या अनेकांना त्यांनी नवी लॅटिन नावे न घडवता इथलीच नावे इंग्रजी कानाने ऐकून दिली : खुद्री, कोलस, नुक्ता, शिंगाला. भीमेतील एका माशाचे ठिकाण ते 'पैरगाव' असे लिहितात; ते श्रीगोंदे तालुक्यातले पेडगाव असावे, असे आम्हाला वाटते. नावे सांगणाऱ्या माणसांचे नाव मात्र शास्त्राच्या दप्तरात नाही.

घोड नदीतल्या, शिरूरजवळच्या 'मसुल्ला'चा घोळ तर पावणेदोनशे वर्षे चालला. मूळ नमुना उरला नव्हता, म्हणून पुष्कळ अभ्यासक त्याला महसीर समजत राहिले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो महसीर नसून हिप्सेलोबार्बस या वेगळ्याच वंशातला असल्याचे दाखवले. हा केवळ नावाचा वाद नाही. मासा कोणता हेच ठाऊक नसेल, तर तो कमी झाला की नाही हे मोजायचे कसे?

पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या वलगणीच्या माशांची वाट आपल्या नद्यांवर ठिकठिकाणी धरणांनी अडवली. प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. साइक्सची यादी त्याआधीची आहे. तुलनेसाठी ती मोलाची ठरते ती यामुळेच.