नाळ कुणी कापली?

राजा कुठल्या तिथीला जन्मला ते बखरीत सापडतं. त्याची नाळ कुणी कापली ते सापडत नाही. आमच्याकडं माझी आजी कापायची. मांगाची सुईण. बाळंतिणीला तिचा हात चालायचा, आडाच्या दोराला चालायचा नाही. बिदागी सूपभर जोंधळे, तेही वरून टाकलेले.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे नगर जिल्ह्यात जामखेडला आले. शिकलेल्या नर्सबाया खेड्यात राहिनात. तेव्हा गावानं निवडलेल्या बायांनाच त्यांनी शिकवलं. बहुतेक निरक्षर, कितीतरी दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. हात धुवायचे, पातं उकळायचं, पोट चाचपून आडवं मूल वेळेआधी ओळखायचं, दोन पोरांत अंतर ठेवायच्या गोळ्या द्यायच्या. यात काय अवघड होतं? पण हे आजीला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या हातून दगावलेली पोरं मग कुणाच्या खात्यावर मांडायची?

दुष्काळात हातपंप बसवले तेही दलित वस्तीत. तहान लागली तशी वरची आळी घागर घेऊन आली.

१९७९ साली आरोळ्यांना मॅगसेसे मिळालं. योग्यच झालं. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव 'आशा' आल्या. गरोदर बाईची नोंद, लसी, रात्री-अपरात्री दवाखाना, सगळं त्यांच्याच डोक्यावर. पण पगार नाही. मोबदला आणि मानधन. मी लूमवर मीटरनं दाम घेतो, तरी मला कामगार म्हणतात. तिला म्हणतात स्वयंसेविका.