दोन कुडे आणि एक कॅमेरा

हगवणीवर कुड्याची साल देतात, एवढं विदर्भात अनेकांना ऐकून माहीत असतं. पण रानात कुडे दोन: पांढरा आणि काळा. दोघांनाही चीक, दोघांनाही पांढरी फुलं. काळ्याच्या जोडशेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. शेंगा नसतील तेव्हा जाणकार साल खरवडून जिभेवर ठेवतो. जहाल कडू लागली तर पांढरा. वहीत हे चार ओळींत संपतं; शिकायला मात्र जाणकारामागून रान तुडवावं लागतं.

आदिवासींचं वनौषधींचं ज्ञान आभासी वास्तवात जतन करण्याच्या अभ्यासक्षेत्राचं मूळ या अडचणीत आहे. यवतमाळच्या झरी जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. कोलामी ही द्राविडी भाषा, आणि औषधाचं ज्ञान तोंडी. हळदीवरचं अमेरिकी पेटंट १९९७ साली रद्द झालं, आणि असे परके दावे रोखायला २००१ मध्ये देशाने पारंपरिक ज्ञानाचं अंकीय ग्रंथालय सुरू केलं. ते उभं राहिलं मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांवर. पोथीत न उतरलेलं पोडावरचं ज्ञान त्यात कसं यायचं?

म्हणून ३६० अंशांचा कॅमेरा, झाडाची त्रिमित प्रतिकृती आणि आभासी वास्तवाचा चष्मा. झाड कोणत्या उतारावर आहे, शेजारी काय उगवलंय, साल काढताना विळा कुठे थांबतो, हे सगळं चहूबाजूंनी पाहता येतं. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं तर फोड उठतात. ते हाताळणारे सराईत हात नवशिक्याला इजा न होता पुन्हा पुन्हा पाहता येतात. चव आणि वास मात्र चष्म्यात येत नाहीत, आणि औषध खरंच लागू पडतं का, याचा पुरावाही चित्रणातून मिळत नाही. त्यासाठी वेगळी तपासणीच हवी.

मला सर्वांत मोठा वाटतो तो मालकीचा प्रश्न. २००६ च्या वनहक्क कायद्याने जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समुदायाचा हक्क मान्य केला आहे. मग मूळ चित्रण विद्यापीठाच्या कपाटात का पडावं? ते ग्रामसभेच्या ताब्यात असावं, आणि झाडांची नेमकी ठिकाणं झाकलेली असावीत. सफेद मुसळीसारखी मागणी असलेली वनस्पती कुठे आहे हे उघड झालं, तर ती मुळासकट उपटली जाईल.

या वाटेने येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आधी एक पावसाळा पोडावर काढा, कोलामी कानावर पडू द्या, आणि कॅमेरा उघडायचा की नाही ते ग्रामसभेला ठरवू द्या.