मराठी टायपिंग : इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन की फोनेटिक? सराव सुरू करण्याआधी हे वाचा

शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग लागतो. त्यासाठी अनेक मुलं-मुली महिनोन्‌महिने सराव करतात. पण एका कीबोर्डवर बसलेली बोटं दुसऱ्या कीबोर्डवर अडखळतात. म्हणून आधी कीबोर्ड ठरवा, मग सराव करा.

रेमिंग्टन : जुन्या टाइपरायटरची मांडणी. अक्षर जसं दिसतं तसं टाइप होतं. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. अर्ध्या अक्षरांना वेगळ्या कळा असल्याने पाठांतर जास्त.

इनस्क्रिप्ट : भारतीय भाषांसाठी सरकारने ठरवलेली मांडणी. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आधी ‘क’, मग वेलांटी, म्हणजे बोलतो त्याच क्रमाने. ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबलं की ‘ख’. दोन्ही हात आलटून-पालटून चालतात, त्यामुळे एकाच हातावर ताण येत नाही. हिंदी, गुजरातीलाही हीच मांडणी चालते.

फोनेटिक : इंग्रजी अक्षरांत ‘mala’ लिहायचं आणि ‘मला’ निवडायचं. मोबाईलवर सोपं, शिकावं लागत नाही. पण न-ण आणि ल-ळ नीट बघा. ‘काळे’चं ‘काले’ झालं आणि तसंच फॉर्मवर गेलं, तर नाव दुरुस्तीसाठी हेलपाटे ठरलेले.

कॉम्प्युटरवर कसं सुरू करायचं?
विंडोजच्या सेटिंग्जमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडा. विंडोज आणि स्पेस या कळा एकत्र दाबल्या की कीबोर्ड बदलतो. हे टायपिंग युनिकोडमध्ये होतं, त्यामुळे मजकूर कुठल्याही मोबाईलवर वाचता येतो. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसेल तर, भलताच दिसतो.

हात दुखत असतील तर
- मनगट वाकवू नका, कोपर टेबलाच्या उंचीला ठेवा.
- कळा हलक्या हाताने दाबा.
- सलग तासभर बसण्यापेक्षा मध्ये थोडा वेळ उठा.
- मोबाईलवर दोन्ही अंगठे वापरा. मोठा मजकूर बोलून टाइप करा, नंतर एकदा वाचा.
- बोटांना मुंग्या येत राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

परीक्षेची तयारी असेल तर जाहिरातीत कुठला कीबोर्ड दिला आहे ते बघा आणि क्लासची फी भरण्याआधी तोच शिकवतात का, हे विचारून घ्या.