दोनशे मीटरच्या खाली

विद्युतमंडल जुळवून पाहण्यासाठी शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळेत आता भोकाभोकांची पांढरी प्लॅस्टिकची पट्टी वापरतात. तिला ब्रेडबोर्ड म्हणतात. पावाचा आणि या पट्टीचा काय संबंध, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर उत्तरासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. त्या काळी घरच्या घरी रेडिओ बनवणारी अमेरिकेतील हौशी मंडळी स्वयंपाकघरातली पाव कापायची फळी उचलून आणत आणि तिच्यावर स्क्रू पिळून वेटोळी, व्हॉल्व्ह व कंडेन्सर बसवत. फळी गेली, नाव मात्र राहिले.

हौशी रेडिओवाल्यांना जगभर ‘हॅम’ म्हणतात. या मंडळींत बसले की घरी बनवलेल्या संचांच्या आठवणी हमखास निघतात. ‘तेव्हा सगळे हाताने करावे लागे’ असे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते, हुरहूर असते. आमच्या पिढीच्या वाट्याला या काळाचे शेपूट आले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून गँग आणि ओए ७९ डायोड आणून रेडिओ जुळवणारी मुले आम्ही पाहिली आहेत. आज तयार रेडिओ त्या सुट्या भागांपेक्षा स्वस्त पडतो. मग हुरहूर नेमकी कशाची? हे समजण्यासाठी त्या संचांकडे आणि त्यांनी घडवलेल्या इतिहासाकडे थोडे बारकाईने पाहू.

फळीवरचा रेडिओ

सर्वांत साधा संच म्हणजे स्फटिक-संच. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेटोळे, त्याला जोडलेला कंडेन्सर, एक स्फटिक, कानाला लावायचा इअरफोन, उंच बांधलेली एरियलची तार आणि जमिनीत पुरलेली अर्थची तार, संपला रेडिओ. याला बॅटरी लागत नाही. कानाचा पडदा हलवणारी सारी ऊर्जा दूरच्या केंद्राकडून लहरींवाटेच येते.

एरियलमध्ये एकाच वेळी अनेक केंद्रांचे सूक्ष्म विद्युतप्रवाह उमटतात. वेटोळे आणि कंडेन्सर मिळून त्यांतला एक निवडतात. २०० मायक्रोहेन्रीचे वेटोळे आणि ३६५ पिकोफॅरडचा कंडेन्सर घेतला तर ही जोडी सुमारे ५९० किलोहर्ट्झ वारंवारतेला सर्वाधिक प्रतिसाद देते. गँगच्या पाकळ्या एकमेकींतून बाहेर काढत धारकता एक चतुर्थांश केली की वारंवारता दुप्पट होते. हे सूत्र फळ्यावर कोरडे वाटते. पण गँग फिरवताना एक केंद्र विरून दुसरे उगवते तेव्हा तेच सूत्र ऐकू येते.

निवडलेली लहर दर सेकंदाला लाखो वेळा मागेपुढे होते. इतक्या वेगाने इअरफोनचा पडदा हलू शकत नाही. म्हणून प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे काहीतरी लागते. पूर्वी हे काम शिशाच्या गॅलिना या खनिजाचा खडा करी. त्यावर बारीक तारेचे टोक टेकवत टेकवत योग्य जागा शोधावी लागे. या तारेला ‘मांजराची मिशी’ असे लाडके नाव होते. गॅलिना आणि धातूचे टोक यांचा असा उपयोग करणाऱ्या शोधकाचे अमेरिकन पेटंट १९०४ मध्ये आपल्या जगदीशचंद्र बोस यांना मिळाले होते. पुढे जर्मेनियमचा डायोड आला आणि मिशी कालबाह्य झाली.

या संचात झाकलेले काहीच नव्हते. जो भाग बिघडे तो डोळ्यांसमोर असे, आणि त्याचे काम माहीत असल्याखेरीज दुरुस्ती होत नसे. बाजारात कंडेन्सर मिळाला नाही तर काचेच्या तावदानाच्या दोन्ही बाजूंना धातूची वर्ख चिकटवून तो बनवता येई. मात्र त्यासाठी धारकता म्हणजे काय, हे आधी कळावे लागे.

नको असलेल्या लहरी

ऐकण्यावर समाधान न मानणारे प्रक्षेपकही बनवू लागले. त्यांचे ठिणगीवर चालणारे प्रक्षेपक फार गोंगाट करत आणि जहाजांच्या व नौदलाच्या संदेशांत व्यत्यय येई. म्हणून अमेरिकेने १९१२ मध्ये कायदा करून हौशींना २०० मीटर आणि त्याहून कमी तरंगलांबीपुरते मर्यादित केले. तेव्हाची तज्ज्ञांची समजूत अशी की लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते. मोठ्या कंपन्यांची केंद्रे हजारो मीटर लांबीच्या लहरी वापरत. २०० मीटरच्या खालचा प्रदेश म्हणजे व्यापाराच्या दृष्टीने पडीक जमीन. ती हौशींना देऊन टाकली.

या पडीक जमिनीत काय पिकले पाहा. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी आपला संच घेऊन जहाजाने स्कॉटलंडला गेला. आर्ड्रोसन गावी, हिवाळी वाऱ्यापावसात तंबू ठोकून त्याने अटलांटिकपलीकडच्या अमेरिकन हौशींची केंद्रे ऐकली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीसचा लेआँ देलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्यात सुमारे ११० मीटरवर दुतर्फा संभाषण झाले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी तर लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने थेट न्यूझीलंडमधील फ्रँक बेल या हौशीशी संपर्क साधला. पृथ्वीच्या पाठीवर याहून फार दूर जायला जागाच उरत नाही.

हे शक्य झाले ते आकाशातल्या आरशामुळे. वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर असावा, असे केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्येच सुचवले होते. त्याचा प्रयोगसिद्ध पुरावा डिसेंबर १९२४ मध्ये अ‍ॅपल्टन आणि बार्नेट यांनी मिळवला. आता आपल्याला माहीत आहे की दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो. लघुलहरी त्यातून पार होतात, वरच्या थरांवरून वळून परत येतात, आणि असे टप्पे घेत जग ओलांडतात. पुराव्याच्या आधी हौशींच्या वह्यांत निरीक्षणे जमा झाली होती.

लघुलहरींचे हे सामर्थ्य ओळखल्यावर व्यापारी कंपन्यांनी वेळ दवडला नाही. मार्कोनी कंपनीने इंग्लंडशी लघुलहरींचा संदेशमार्ग उभारला तो १९२७ मध्ये आपल्या दारात येऊन पोचला: प्रक्षेपण खडकीहून, ग्रहण दौंडला.

भारतातील दोन टोके

भारतात हौशी रेडिओची सुरुवात १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून मानतात. जून १९२३ मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रक्षेपित केले. म्हणजे आपल्याकडे नभोवाणी सरकारच्या आधी हौशींनी सुरू केली.

मिल हिलचा तो शाळकरी मुलगा १९३६ मध्ये भारतात आला, तो ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून. एवढ्या विस्तीर्ण देशाला मध्यम लहरी पुऱ्या पडणार नाहीत हे जाणून त्याने लघुलहरींच्या केंद्रांवर भर दिला. १९३७-३८ च्या सुमारास दिल्ली, मुंबई येथील लघुलहरी केंद्रे सुरू झाली.

दुसरे टोक याच मुंबईत, पण सरकारच्या विरुद्ध बाजूला. महायुद्ध सुरू झाल्यावर, १९३९ मध्ये, हौशींचे परवाने रद्द झाले आणि प्रक्षेपक जमा करण्याचे हुकूम निघाले. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनात वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली, तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. त्याचा प्रक्षेपक जुळवला नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाने. केंद्राची घोषित तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला तिने भागा: उत्तर सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते, आणि ते हौशींच्या ‘४० मीटर’ पट्ट्यात पडते. आम्हाला हा योगायोग वाटत नाही. माणूस हाताला सवय असलेले वेटोळेच गुंडाळतो. जागा बदलत बदलत केंद्र सुमारे अडीच महिने चालले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला. त्यांना ठिकाण कळले ते प्रिंटर यांच्याकडूनच. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्या मुंबईत राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

ही कहाणी गोड करून सांगू नये. हातातली विद्या माणसाला शूर बनवतेच असे नाही. पण ती विद्या कुणाच्या तरी हातात होती म्हणून परवाना आणि यंत्र काढून घेतल्यावरही यंत्र पुन्हा उभे राहू शकले. वेटोळे जप्त करता येते, ते गुंडाळण्याचे ज्ञान जप्त करता येत नाही.

हुरहूर कशाची?

जुन्या दिवसांतल्या अडचणीही विसरू नयेत. व्हॉल्व्ह परदेशातून येत, माहितीपुस्तके इंग्रजीत असत, परवाना मिळवणे सोपे नव्हते. भारतात हा छंद मूठभर सुस्थित शहरी पुरुषांचाच राहिला. तो काळ जसाच्या तसा परत यावा असे आम्हाला मुळीच वाटत नाही.

गमावले आहे ते यंत्राच्या आत जाण्याचे दार. खिशातल्या मोबाइलमध्ये टॉवरशी बोलणारा, वाय-फायचा, ब्लूटूथचा आणि उपग्रहांकडे कान लावणारा, असे अनेक रेडिओ असतात. त्यांतला एकही उघडून पाहता येत नाही.

तरी हे दार पुरते बंद झालेले नाही. हैदराबादचे अशर फरहान यांनी २००० नंतरच्या दशकात ‘बिटएक्स’ नावाचा लघुलहरी संच रचला आणि त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. मुद्दाम सहज मिळणारे भाग निवडले. वेटोळे गुंडाळायला खास गाभा मिळेना, तर नळाचा वॉशर घेतला! जगभरच्या हौशींनी हा संच बनवला. काचेच्या तावदानाचा कंडेन्सर आणि नळाचा वॉशर यांमध्ये शंभर वर्षांचे अंतर आहे, पण विचार एकच: या भागाचे काम काय, आणि ते दुसरे कोण करू शकेल?

हा प्रश्न वर्गात आणण्यासाठी संचही बनवावा लागत नाही. अडगळीतला मध्यम लहरींचा ट्रान्झिस्टर आणा आणि मागचे झाकण काढा. बॅटरीवरच चालवा, घरातल्या विजेवर नको. काळ्या फेराइटच्या कांडीवरचे वेटोळे आणि गँग मुलांना दाखवा. एक केंद्र लावून संच आडवा धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत आवाज अगदी क्षीण होतो. तेव्हा कांडीचे टोक केंद्राच्या दिशेला असते. केंद्र कुठे आहे ते नकाशावर शोधून ताडा. युरोपातील अनेक देशांनी मध्यम लहरींची केंद्रे बंद केली आहेत. आपल्या भागात अजून एखादे ऐकू येत असेल तर हा प्रयोग या वर्षीच करून घ्या.